समिती मांडवात, बायका चिंचेखाली

१७ फेब्रुवारी

'राज्यस्तरीय महिला प्रजनन आरोग्य विकार सल्लागार समिती'! समास सोडवेपर्यंत चहा उतू गेला. ही समिती येत्या सोमवारी बेंबळीला येणार, बायकांची दुखणी ऐकणार आणि मग शासनाला सल्ला देणार. संपादक कृष्णराज फोनवर — "ताई, दोन कॉलम आणि एक फोटो. फोटोत बायका जास्त दिसू द्या."

दिसतील. बायका फोटोत नेहमीच जास्त असतात.

१८ फेब्रुवारी

कमरेला गरम पाण्याची पिशवी. जुनी फुटली म्हणून कळंबच्या बाजारात नवी घेतली. दुकानदार म्हणाला, "आजीसाठी का?" हो म्हणाले. घरात आजी नाही. कुणीच नाही.

शाळेत होते तेव्हा आई म्हणायची, लग्न झालं की दुखणं जाईल. लग्न झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, मूल झालं की जाईल. मूल झालं नाही, नवरा गेला. उपाय गेला, रोग राहिला! चाळिशीत सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी एकदाचं नाव सांगितलं — एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाचं अस्तर भलत्या ठिकाणी उगवतं म्हणे. एवढं भारदस्त नाव घेऊन घरी आले, आणि सांगायला माणूस नव्हतं. कपाटाला सांगितलं.

२० फेब्रुवारी

बेंबळी. बातमीआधी जरा ओळखी व्हाव्यात म्हणून गेले. दैवशाला भेटली. अठ्ठावीस वर्षांची, एक मुलगी. दोन महिने झाले, अंगावरून जायचं थांबत नाही. दवाखान्यानं पिशवी काढायची तारीख दिलीय — सात मार्च. सासू सिताबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या.

"लेकरू झालंय की एक. मग रिकामी पिशवी कशाला बाळगायची, बाई?"

"मावशी, रिकामं ते काढायचं ठरलं तर गावात बरीच डोकी उतरवावी लागतील."

सिताबाई लई हसल्या. तारीख मात्र हलली नाही.

निघाले तर दैवशाला गल्लीच्या तोंडापर्यंत आली. "ताई, मला आजून एक लेकरू पायजे. समितीत मोठ्या डॉक्टरीण हायत म्हनं. त्यांनी कागद बघून काढा म्हनलं तर काढीन. पर एकडाव बघू तर द्या!"

२४ फेब्रुवारी, सोमवार

सुनावणी शाळेत होती. शाळेत बारावीची परीक्षा निघाली! सरपंच शिवशरण यांनी तोडगा काढला — महादेवाच्या देवळात. "शिवरात्रीचा मांडव हायच की मॅडम, माईक हाय, पंखे हायत." सगळे खूश. फलकावर संस्कृत वचन, विभक्ती सोडून सगळं बरोबर.

मांडवात पुरुष भरपूर. बायका मोजक्या, त्याही साठीपुढच्या. अध्यक्षांनी विचारलं, काय त्रास? एकीनं गुडघे सांगितले. दुसरीनं सून सांगितली. अध्यक्ष शेजारच्याला म्हणाले, "जनजागृतीचा अभाव दिसतो."

दैवशाला दिसेना म्हणून बाहेर आले. रस्त्यापलीकडं चिंचेखाली बायकांचा हा घोळका! दैवशाला पुढं, कागद छातीशी धरून.

"अगं, आत चल ना!"

"देवळात कशी येऊ, ताई? माझं थांबतच न्हाय."

मागून कुणीतरी — "थांबलं आसतं तर इथं कशाला आलो आसतो, बया!" सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं. ज्यांचं अंगावरून जातं त्यांना ऐकायला समिती आली, आणि बसली देवळात.

आत धावले. अध्यक्षांना हळूच सांगितलं. ते म्हणाले, "आम्ही कुणाला अडवलेलं नाही, मॅडम." खरं होतं. कुणीच कुणाला अडवलं नव्हतं. समितीतल्या डॉक्टरीणबाई उठू लागल्या, तोवर तुळजापूरच्या दर्शनाची वेळ झाली. घाईत त्यांनी मला नंबर दिला. गाड्या गेल्या. चिंचेखालच्या बायकांनी पदर नाकाला लावला, धूळ बसायची वाट पाहिली.

सुनेबरोबर आलेल्या सिताबाई म्हणाल्या, "बाई, तुमी बऱ्या आत-भाईर करताय?"

"माझं गेलं, मावशी."

"सुटला बया!"

गेलेलं नाही. आज दुसरा दिवस. तासभर मांडवात घंटेखाली बसले होते. महादेवानं हरकत घेतली नाही. त्याच्या घरी पार्वती आहे, त्याला ठाऊक असणार. पण बायकांना मी खोटं का सांगितलं? त्या चिंचेखाली मला जागा होती.

२५ फेब्रुवारी

छापून आलं — 'बेंबळीत समितीची सुनावणी उत्साहात'. बातमीतली चिंच कापली. कृष्णराज म्हणाले, "शिवरात्रीच्या तोंडावर देवळाचा विषय नको, ताई."

२७ फेब्रुवारी

समितीतल्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. दैवशालाचे कागद बघाल का?

"अहो, समिती सल्ला शासनाला देते. रुग्णाला नाही."

मी सात मार्चची तारीख सांगितली. मग त्या जरा हळू आवाजात — "सहा तारखेला कळंबला बसतोय, पंचायत समितीच्या सभागृहात. देऊळ नाही, मी विचारून घेतलंय. तिला आणा. पण तिनं स्वतः बोलायला हवं. ती बोलली की कागद बघण्यापासून मला कोण अडवतं!"

१ मार्च

पुन्हा बेंबळी. सिताबाई ऐकेनात. "परक्या गड्यांत आंगावरचं बोलायचं? आन् माझ्या सुनंनंच? एकलीनं? गावात त्वांड कुठं लपवू?"

मी समजावलं, चिडवलं, शेवटी हात जोडले. तेव्हा म्हणाल्या, "तुमच्या शिकल्यासवरल्या बायकांनी बोलावं की आदुगर. एक जरी उठली, तर सुनंला मी सवता उठवीन. न्हाय तर सात तारीख हायच."

"आसंल की ताईच्या वळखीत कुनीतरी," दैवशाला म्हणाली. माझ्याकडं बघतच राहिली.

"बघते," म्हणाले.

३ मार्च

दिवसभर फोन. मुख्याध्यापिका — "अगं, मुलीचं स्थळ चाललंय आमच्या." वकीलबाई — "मी कायद्याचं बोलेन हवं तर." बँकेतली मैत्रीण आधी अर्धा तास स्वतःचं दुखणं सांगत राहिली, मग म्हणाली, "मला कुठं एवढा त्रास आहे!"

हे सगळं वर्षानुवर्षं मी एकटीचंच समजत होते.

५ मार्च

कुणी मिळालं नाही. परवा दैवशालाची तारीख.

स्वयंपाक केला नाही. इतकी वर्षं हे दुखणं याच पानांवर लिहीत आले. पान चांगलं असतं — तोंड वाकडं करत नाही, सल्ला देत नाही, स्थळ मोडत नाही. आणि कुणाला काही सांगतही नाही.

सिताबाईंना निरोप धाडला — एक बाई बोलणार आहे, सुनेला घेऊन या. कोण, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

६ मार्च

पत्रकारांच्या खुर्च्या डावीकडं होत्या. मी उजवीकडं, दैवशालाशेजारी बसले. पहिलं नाव माझं पुकारलं. सिताबाई दचकल्या — "आं? तुमचं तर गेलंय न्हवं?"

"नाही गेलं, मावशी."

काय बोलले, धड आठवत नाही. परतले तर शेजारची खुर्ची रिकामी. दैवशाला माईकपाशी पोचली होती.