उत्तर वसाहतीची चावी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघे आता वाकत नाहीत, त्यामुळे हा साष्टांग खुर्चीत बसूनच घातला आहे. पत्रात ते दिसत नाही, ही पत्राची मोठी सोय.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला? मी इकडे ठणठणीत आहे, म्हणजे परवापर्यंत होतो. फोनच केला असता, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला तोंड वर करून बोलता येत नाही, म्हणून कागद घेतला.

तुझी भाची विद्यापीठात इतिहास शिकवते, हे तू भेटेल त्याला सांगतेस. सात वर्षं हंगामी म्हणून शिकवते, हे आपण दोघंही कोणाला सांगत नाही. तिला कायम करायची फाइल विभागप्रमुख बाईंच्या टेबलावर आहे, आणि बाईंनी तिला बजावलं होतं की यंदाचं चर्चासत्र नीट पार पाड, मग फाइलचं बघते. पोरीचं सगळं त्या दोन दिवसांवर लटकलेलं. अशा वेळी शहाण्या बापाने काय करावं? घरी बसावं. तुझा भाऊ व्यासपीठावर जाऊन बसला.

त्याचं असं झालं की महिनाभरापूर्वी तिच्या टेबलावर एक छापील पत्रक पडलं होतं. 'वसाहतोत्तर इतिहास आणि संस्कृती' या विषयावर निबंध मागवले होते. ताई, तूच सांग, आपण तो शब्द काय वाचणार? वसाहत म्हणजे वसाहत, कारखान्याची. आणि उत्तर म्हणजे उत्तरेची. दक्षिण वसाहत साहेब लोकांची, बंगल्यांना बागा आणि बागांना दिवसभर पाणी. उत्तर वसाहत आपली, एका चाळीला एक नळ. मला भरून आलं गं. म्हटलं, उशिरा का होईना, विद्यापीठाला आपली आठवण झाली! (आपल्याच वसाहतीवर दोन दिवस कोण कशाला बोलेल, ही शंका मला आली नाही. बावीस वर्षं कारखान्यात टाइमकीपर होतो, वेळ पाळायची सवय आहे, विचार करायची नाही.)

पोरीला चकित करायचं म्हणून गुपचूप सारांश लिहून पाठवला: आमच्या वसाहतीत पाण्यावर कोणाची सत्ता होती, ती कशी चालवली जाई, आणि एका भर दुपारी ती कशी उलथली, याचा प्रत्यक्षदर्शी वृत्तांत. निवड करणारे म्हणे नावं झाकून वाचतात. आठव्या दिवशी 'सहर्ष स्वीकृत' असं पत्र आलं. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या आडनावातलं एक अक्षर छापणाऱ्याने गाळलं, त्यामुळे पोरीलाही पत्ता लागला नाही. उलट परकीयांचं राज्य डोळ्यांनी पाहिलेले कोणी गृहस्थ येणार, म्हणजे ते शंभरीच्या घरात असणार, असा हिशेब तिने मांडला आणि त्यांच्यासाठी दारात चाकांची खुर्ची ठेवली. मी इस्त्रीचा कोट घालून रिक्षातून उतरतो, तर समोर माझी पोरगी खुर्ची ढकलत येते आहे! "बाबा, तुम्ही इथे काय करताय?" मी म्हटलं, मी वक्ता आहे. ती मटकन त्या खुर्चीत बसली.

तिने मला तिथूनच घरी पाठवलं असतं तर बरं झालं असतं. पण तेवढ्यात विभागप्रमुख बाई आल्या आणि त्यांनी मला हाताला धरून आत नेलं. (मला हाताला धरायची गरज नव्हती, पण शंभरीच्या माणसाला नाही म्हणवेना.) माझ्या आधी एका दाढीवाल्या पाहुण्या प्राध्यापकांचं भाषण होतं. अर्धा तास ऐकलं. जहाजं आली, तोफा आल्या, परकी भाषा आली, तिने आपलं डोकं कसं बदललं ते आलं. नळाचं नाव नाही! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की ही वसाहत वेगळी आणि उत्तर म्हणजे नंतरचं. ताई, कोटाच्या आत मी भिजून चिंब झालो. पळावं तर दार मागे, आणि दारात प्रमाणपत्रांचा गठ्ठा छातीशी धरून पोरगी उभी. तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

वाचलं. दुसरं करणार काय? सकाळी वीस मिनिटं पाणी, आणि व्हॉल्व्हची ती हातभर लांबीची लोखंडी चावी वसाहतीच्या सुपरवायझरच्या कमरेला. त्याला आपण नळसाहेब म्हणत होतो तेही वाचलं. तो आपल्यासारख्याच चाळीत वाढलेला, पण चावी कमरेला लागल्यावर दक्षिणेकडच्या लोकांसारखा नाकात बोलायला लागला, हे वाचलं तेव्हा दाढीवाले भराभर लिहायला लागले. मला वाटलं चुका लिहून घेताहेत. वाचून संपल्यावर ते उभे राहिले आणि म्हणाले, सकाळपासून आम्ही जे बोलतो आहोत ते या आजोबांनी एका नळात सांगितलं. टाळ्या पडल्या. बाई पोरीकडे बघून हसल्या. मी पण हसलो, आणि तिथेच थांबायला हवं होतं.

कारण मग दाढीवाल्यांनी विचारलं, तुम्ही लिहिलंय की 'एका रहिवाशाने' नळसाहेब जेवायला बसला असताना चावी पळवली आणि उत्तरेचा व्हॉल्व्ह सताड उघडला. तो रहिवासी कोण?

ताई, सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. पोरगी तर अशा नजरेने बघत होती, की तसं तिने सहावीत असताना शेवटचं बघितलं होतं. मी म्हटलं, "मी."

त्या एका शब्दावर सगळे उठून उभे राहिले. आता बाईंना माझा निबंध पुस्तकात पहिला छापायचा आहे. मात्र त्या वेळच्या आणखी एका माणसाची साक्ष हवी, आणि ती घ्यायचं काम त्यांनी पोरीवर सोपवलं आहे. ते झालं की फाइल पुढे. तेव्हा पुढच्या रविवारी ती ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन तुझ्याकडे येते आहे. तिला चहात साखर कमी लागते.

भावोजींना नमस्कार. प्रकृतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. चावी मी पळवली असं तेवढं तिला सांगशील ना? तुझं काय जातं? तुला कुठे निबंध छापायचा आहे? पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे. दार आपटू नये म्हणून उंबऱ्याशी ती चावी टेकवून ठेवली आहेस, ती रविवारपुरती पलंगाखाली सरकव.

ता. क. २. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून हे लिहितो आहे. वरचा ताजा कलम वाचू नकोस. वाचला असशील तर विसर. काल जेवताना पोरीने विचारलं, बाबा, पण तेव्हा तर कारखान्याने आत्याची खोली काढून घेतली ना? चावी तुम्ही पळवलीत, मग खोली तिची का गेली? मी भात तसाच टाकून पानावरून उठलो. खोटं छापलं आणि उद्या कोणी पकडलं तर नोकरी तिची जाईल, माझं काय जाणार? तेव्हा तिला जे झालं ते सांग. चावी तू पळवलीस. नळ दिवसभर वाहिला. तू चावी लपवायला माझ्या दाराशी आलीस, दार उघडलं नाही, म्हणून ती शेजारणीच्या कोळशाच्या पोत्यात खुपसलीस, आणि पहारेकऱ्याने तुला माझ्या दारातच धरलं. मी रात्रपाळी करून गाढ झोपलो होतो, असं मी तेव्हापासून सांगत आलो, आणि तू एकदाही उलट बोलली नाहीस. तुझ्या घरी येताना दरवेळी मी ती चावी ओलांडून आत येतो आणि तू म्हणतेस, जपून, ठेच लागेल.

मी जागा होतो, ताई. तू दोनदा कडी वाजवलीस, मग हलक्या आवाजात मला हाक मारलीस. ही पाण्याच्या रांगेत होती, पाळण्यात पोरगी होती, आणि मी आतून कडीवर हात ठेवून उभा होतो. खोली जाईल म्हणून भ्यालो. तेव्हाही कारण पोरगीच होती आणि परवाही तीच. माझ्या भित्रेपणाला मी कायम तिचंच नाव देत आलो. माझं चुकलं.

तर तुझं सगळं तिला सांग, आणि चावी दाराशीच राहू दे. माझ्याबद्दल विचारलं तर झोपला होता म्हण. नाहीच म्हणवलं तर नको म्हणूस.