अण्णांची द्राक्षं

रविवार, संध्याकाळ

पाहुणे गेले. सुटले बाई! उमरग्याहून आठ जण वाईन चाखायला आले होते आणि मला धास्ती एकच, माळकरी सासरे चारचौघांत काही बोलले तर? सेंद्रिय बाग अण्णांनीच वाढवली, पण मी वाईन करायला घेतल्यापासून त्यांनी माझ्याशी अबोला धरला होता. आज मात्र स्वतःच पाहुण्यांना बाग दाखवली, शेणखतापासून सगळं सांगितलं. वाईनच्या शेडशी आल्यावर दारातच थांबले. मी पेले भरून दिले, सगळ्यांनी घोट घेतला. तेवढ्यात त्यांनी बाहेरूनच विचारलं, "कशी लागली ओ चव? म्या घेत न्हाय, पण द्राक्षं माझी हायत."

"लई छान!" एक बाई म्हणाल्या.

अण्णा चक्क हसले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पोरी, मला चहा टाक." किती महिन्यांनी माझ्याकडं काही मागितलं!