धक्क्यावरचा पिवळा रेनकोट

६ जून
आलो एकदाचा हेस्टवोय बेटावर! दवाखाना खाली, माझ्या खोल्या वर. खिडकीतून शेजारचं घर दिसतं आणि मागे डोंगर. दुपारपर्यंत सगळ्या बेटाला कळलं होतं की नवा दातांचा डॉक्टर ओस्लोचा आहे, बिनलग्नाचा आहे आणि त्याच्याकडे धड रेनकोटही नाही. तो दुकानातून लगेच घेतला, पिवळाधमक. शेजारच्या बोर्गहिल्डबाई चाकांच्या खुर्चीत असतात, पण जीभ भलतीच चालती. वॉफल आणि तपकिरी चीज खायला बोलावून म्हणाल्या, "अरे दातवाल्या, माझ्या तोंडात तुला काही काम नाही. सगळे रात्री बशीत काढून ठेवते." पोट दुखेपर्यंत हसलो. इथे जमेल माझं.

१० जून
टीव्हीवर रात्रंदिवस थेट चाललेला तो बोटीचा कार्यक्रम शनिवारी आमच्या गावावरून जाणार. बोट किनाऱ्यानं चालते, कॅमेरा किनारा दाखवतो, बस, एवढंच. पण सगळा देश बघत बसलाय आणि गावोगावची माणसं झेंडे घेऊन धक्क्यावर हात हलवायला जमतात. बोर्गहिल्डबाईंचा मुलगा ओड्वार ऑस्ट्रेलियात आहे, तो नेटवर बघणार. त्याला आई दिसावी म्हणून धक्क्यावर नेशील का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. मग आठवलं, ओस्लोतल्या मित्रांमध्ये बसून अशा हात हलवणाऱ्यांची सर्वांत जास्त टिंगल मीच केली होती. तेही बघत असणार.

१४ जून
डोकं दुखतंय असं फोनवर कळवून टाकलं. ठणठणीत आहे मी. बाई म्हणाल्या, असू दे रे, झोप जरा. ते जास्तच लागलं. माझ्याकडे टीव्ही नाही. पडदे ओढून चोरासारखा कॉम्प्युटर लावला आणि बोट बघत बसलो. आमचा धक्का आला. शाळेचा बँड, झेंडे, कुत्री, आणि बँडशेजारी निळ्या टोपीतल्या बोर्गहिल्डबाई, दोन्ही हात हलवत. जीव भांड्यात पडला. कुणीतरी आणलं होतं त्यांना.
मग खुर्चीमागचा माणूस दिसला. तो मीच होतो. पिवळा रेनकोट, माझंच तोंड.
उठून खुंटी पाहिली. रेनकोट जागेवर होता, कोरडा.

१५ जून
बाईंनी मिठी मारली. पडद्यावर आई दिसताच ओड्वार रडला म्हणे. डोकं दुखत असूनही आलास, म्हणाल्या. तो मी नव्हतो, एवढंच बोलायचं होतं. पण मग घरी बसून काय करत होतास, या प्रश्नाला उत्तर कुठून आणू? वॉफल खाल्लं. आणखी एक मागून घेतलं. स्वतःचीच शिसारी येते.

१७ जून
कार्यक्रम नेटवर आहे अजून. पुन्हा पाहिला. सगळं गाव हात हलवतंय, तो नाही. त्याचे दोन्ही हात खुर्चीवर, नजर थेट माझ्याकडे. शनिवारी खुर्ची बँडशेजारी होती, मी शपथेवर सांगतो. आज ती धक्क्याच्या कडेपाशी आहे.

१९ जून
बाई म्हणाल्या, काल फिरायला नेलंस, फार बरं वाटलं. पण पाणी अगदी पायाशी होतं, ब्रेक लावत जा बाबा.
काल दिवसभर मी दवाखान्यात होतो.
मी काय म्हणालो? म्हणालो, पुढच्या वेळी लावीन.

२१ जून
खुंटीवरचा रेनकोट ओला. खाऱ्या पाण्याचा वास.
सांगायला गेलो होतो. त्यांनी पडद्यावरून आमच्या दोघांचा फोटो काढून भिंतीवर लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात, हा माझा दुसरा मुलगा म्हणून. तोंड उघडलंच नाही माझं. दुसऱ्यांची तोंडं उघडायला लावणारा मी —

२३ जून
आज सांगणारच. शेवटचा पेशंट गेला की —
गेलो. दार उघडं. त्या नाहीत, खुर्ची नाही. सगळं गाव पलीकडच्या किनाऱ्यावर, इथल्या भर उन्हाळ्यातल्या सणाची होळी पेटवायला.
तडक धक्क्यावर धावायचं सोडून घरी आलो. फेरीबोटीसाठीची गाड्यांची रांग नेटवर दाखवणारा धक्क्यावरचा कॅमेरा लावला कॉम्प्युटरवर. फक्त बघण्यासाठी. आधी बघून मग —
रिकामा धक्का. निळी टोपी. मागे तो. पुढची चाकं पार कडेला.
फोन लावला. तो त्यांच्या घरातच वाजतोय, मला इथे ऐकू येतोय.
धावलो तर पोचेन अजून. पण त्यांच्यासमोर तो आणि मी, दोघं एकदम — मग त्यांना कळेल की त्या दिवशी मी —
ऊठ. ऊठ ना, मेल्या.
त्यांनी मान वळवून त्याला काही विचारलं. हसतायत. विश्वासानं.
तो वर बघतोय. माझ्याकडे. एक हात खुर्चीवरून काढला. हलवतोय.
माझाही डावा हात वर गेला. हलतोय. खाली येत नाही. तो आता दुसराही हात खुर्चीवरून —