उशिरा उठणारे तेल

ती. मामा यांस,
साष्टांग नमस्कार.

"हा पंप तुम्ही कुणाला विचारून निवडलात?" असे आमच्या साहेबांनी काल सगळ्यांसमोर विचारले आणि मामा, मला उत्तर देता आले नाही. (पदवीच्या परीक्षेत मी एकही प्रश्न सोडला नव्हता.) बाकी खुशाल आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामीचा खोकला थांबला का? गेले तीन आठवडे तुम्ही माझ्याशी बोलत नाही, म्हणून विचारपूस पत्रानेच करते.

चूक माझी नव्हती, हे आधी सांगून टाकते. गिअर ऑइल टाकीतून भरणी विभागात न्यायचे. तिथला दातेरी चाकांचा जुना पंप थकलेला. नवा निवडायचे काम माझ्याकडे आले. नोकरी पक्की होण्याआधीचे पहिलेच मोठे काम. तुम्ही म्हणाला होतात, "पोरी, मध कधी पंख्याने हलतो का? चमच्याने उचलावा लागतो. जाड तेलाला दातेच हवेत, खाचेत धरून घास-घास पुढे ढकलतात. आहे त्याचेच दाते बदल." त्यावर मी तुम्हाला तासभर तेलाच्या घट्टपणाचा तक्ता समजावला (तुम्ही डोळे मिटलेत ते विचार करायला, असे मी समजले) आणि गरगर पाती फिरवणारा, पाण्याला लावतात तसला पंप मागवला. तक्त्यात तेल सुरेख वाहत होते. तक्ता चाळीस अंश तापमानाचा होता, एवढेच.

आमची टाकी उघड्यावर असते, रात्रभर गारठते. काल सकाळी आठला बटण दाबले, तर पंप नुसता गुणगुणत बसला. मोटर तापली, तेल ढिम्म. मी धीर सोडला नाही. आईची गरम पाण्याची पिशवी पाइपाला बांधली, वरून मामीने दिलेली शाल गुंडाळली. म्हातारा फिटर म्हणाला, "बाई, आता बामही चोळा." दुपारी ऊन चढले आणि तेल एकदम असे सुटले, की (बटण बंद करायचे राहिले होते, हा पंपाचा दोष नव्हे) पिंप भरून वाहू लागले. साहेब धावत आले. साहेब पोचले, त्यांचा डावा बूट तेलातच मागे राहिला. एका पायावर उभे राहून त्यांनी वरचा प्रश्न विचारला. थोडक्यात, माझे गणित बरोबर होते. फक्त तेल उशिरा उठते.

मामीला नमस्कार.

तुमची भाची

ता. क. तुमचेच बरोबर होते. (हे वर लिहायला जागा उरली नाही.)

ता. क. २ : जुना पंप मी स्वतः उघडला. नवे दाते वर्कशॉपमध्ये तयार होत आहेत. बाकीचे एकोणीस भाग वर्तमानपत्रावर मांडलेत. जोडून पाहिले की तीन उरतात. मंगळवारी साहेब चाचणी घेणार, आणि मला ठेवायचे की नाही तेही तेव्हाच ठरवणार.

ता. क. ३ : निवडीच्या फॉर्मवर 'कुणाच्या सल्ल्याने' असा रकाना असतो. मागच्या वेळी तिथे मी माझीच पदवी लिहिली होती. आज तुमचे नाव लिहिले, पुढे 'पंपदुरुस्ती, चाळीस वर्षे'. साहेबांची सही घेतली, आणि सोमवारी आठला तुम्हाला आत सोडायची चिठ्ठी फाटकावर देऊनही आले. बूट जुने घाला.