निळ्या ठिपक्याच्या करंज्या

लिहून ठेवणार मी, जयसिंग रावजी निकम, वय वर्षे एकसष्ट, मूळ राहणार कोरेगाव, जिल्हा सातारा, सन १९६२ पासून पिंपरीत, सध्या राहणार संत तुकाराम नगर, कारखान्याच्या तपासणी खात्यातून निवृत्त. माझे डोके ताळ्यावर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे, कोणी मला भरीस घातलेले नाही. अक्षर हललेले दिसेल, तो पेनच्या निबेचा दोष. मुलगा आणि सून कामावर असताना, त्यांना न सांगता हे लिहीत आहे, कारण घरात माझ्या पाठीमागे काहीतरी चालले आहे.

१. माझा मायक्रोमीटर आणि व्हर्नियर मुलगा मुकुंद यास द्यावे. त्याने ते तेल लावून पेटीत ठेवावेत. १९७१ साली त्याने व्हर्नियरने सायकलचा नट मोजला आणि व्हर्नियर फरशीवर टाकला, हे मी विसरलेलो नाही.

२. पोस्टातली शिल्लक कोरेगावची बहीण मंजुळाबाई हिला. तिने मला आयुष्यात काही मागितले नाही, त्यामुळे तिच्यावर संशय घेण्याची वेळ आली नाही.

३. राहते घर पुतण्या ज्योतीराम, राहणार महाळुंगे, यास द्यावे. मुकुंद व सून पद्मा यांना त्यात हिस्सा नाही.

कारण लिहितो. दोन वर्षांपूर्वी रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, डोके शांत ठेवा, हाताला हलके काम द्या. पद्मा शाळेत हस्तकला शिकवते. तिने दर रविवारी चार वाजता सतरंजी घालायला सुरुवात केली. घोटीव कागद, कात्र्या, खळीची वाटी, आणि आम्ही तिघे. कधी फुले, कधी झिरमिळ्या, गणपती झाले की आकाशकंदिलाच्या करंज्या. सतरंजीवर कारखान्याचा विषय काढायचा नाही, हा तिचा नियम. खोटे का बोलू, त्या दोन तासांत मला फार बरे वाटे. बायको गेल्यापासून असे बरे वाटले नव्हते. म्हणूनच शंका आली. इतके सुख कोणी कोणाला उगाच देत नाही.

ज्योतीरामने पत्रातून सावध केले. “काका, तुमचं वाकडंतिकडं काम ते जपून ठेवतील. उद्या कोर्टात दाखवतील, म्हातारा भ्रमिष्ट झालाय म्हणून.” मग मी खात्यातली युक्ती केली. माझ्या प्रत्येक करंजीच्या आतल्या घडीत निळ्या पेन्सिलीचा ठिपका घातला. सोमवारी दुपारी करंज्या ठेवायची टोपली तपासली. करंज्या तेवढ्याच, त्याच रंगाच्या, पण ठिपका एकीलाही नाही, आणि घड्या अगदी काटेकोर. माझ्या किंचित सरकलेल्या असतात, कारण हल्ली कागद नरम येतो. तीन सोमवार हाच प्रकार. माझा माल बदलला जात आहे, हे सिद्ध झाले.

४. वरील मजकूर लिहून साक्षीदारांना बोलावले. शेजारच्या सुमनताई आणि खात्यातला जुना सोबती दत्तोबा. दोघांना मोठ्याने वाचून दाखवले. सुमनताईंनी पेन खाली ठेवले.

“दादा, ह्याच्यावर मी सही करणार नाही.”

“का?”

“तुमच्या करंज्या पद्मा माझ्याकडे आणते. सोमवारी सकाळी सहाला माझ्या स्वयंपाकघरात बसून तशाच दुसऱ्या करते आणि मग शाळेला पळते. तुमचा हात कापतो, ते तुम्हाला कळू नये म्हणून.”

“आणि माझ्या कुठे गेल्या?”

“माझ्या माळ्यावर, पोत्यात. मामंजींच्या आहेत, टाकवत नाहीत म्हणते.”

दत्तोबा म्हणाला, “व्हय राव. मलाबी ठाव हाय. तुमाला सांगायचं कुनी?”

ऐकीव गोष्ट मी मानत नाही. पोते खाली काढायला लावले. वरच्या चौदा करंज्या उलगडल्या. चौदाही घड्यांत निळा ठिपका. व्हर्नियर लावायची गरज पडली नाही, नुसत्या डोळ्यांना वाकड्या दिसत होत्या.

मला राग आला, तो नोंदवतो. सोळा वर्षे मी एक वाकडा नग पास केला नाही, आणि ह्या मुलीने मला न विचारता माझे नग पास केले. त्यानंतर मला रडू आले, तेही नोंदवतो, कारण दोन्ही साक्षीदारांनी पाहिले आहे.

५. सबब कलम तीन रद्द. आमच्या खात्यात चुकलेली नोंद पुसून टाकत नाहीत. तीवर एकच रेघ मारून आद्याक्षरे घालतात, म्हणजे चूक पुढच्याला वाचता येते. तसे केले आहे. माझे ते वाक्य सर्वांनी वाचावे, मला त्याची लाज वाटली पाहिजे.

६. राहते घर सून पद्मा हिच्या एकटीच्या नावे करावे. मुकुंदाने तिच्या घरात राहावे आणि रविवारी सतरंजी घालावी.

७. निबेवर घेतलेला आळ मागे घेतो. निब चांगली आहे. पेन ज्योतीरामास द्यावे, त्याला पत्रे लिहिण्याची हौस आहे.

८. मला कळले आहे, हे मी जिवंत असेतो पद्माला सांगायचे नाही, असे साक्षीदारांकडून वदवून घेतले आहे. सुमनताईंच्या पोटात काही राहत नाही, तरी ही एक गोष्ट राहील अशी आशा आहे. रविवारी मी सतरंजीवर बसेन, ठिपका घालीन, सोमवारी तिने बदललेल्या करंज्या पाहून “घडी छान बसली” असे म्हणेन. मी गेल्यावर पहिल्या दिवाळीला मात्र दारात पोत्यातल्या करंज्यांचा कंदील लावावा. तो तिरका लटकेल, तसाच लटकू द्यावा.

स्थळ: संत तुकाराम नगर, पिंपरी. गुरुवार, दिनांक ११ ऑक्टोबर १९७९.

आमच्यासमोर सही झाली, आम्ही लिहून ठेवणाराच्या आणि एकमेकांच्या समोर सह्या केल्या:
१. सुमन अनंत घाटपांडे
२. दत्तोबा मालोजी काळभोर

लिहून ठेवणार: जयसिंग रावजी निकम

सहीशेजारी निळा ठिपका घातला आहे. पद्मा, सही वाकडी आली आहे. ही सरळ करू नकोस.