धूर बंद करण्याचा उपाय

४ मे २०२५, रविवार. सकाळी १०
रामकिसन हर्सूलहून येऊन त्याची झाडं कापायची चेनसॉ ठेवून गेला. कंपनीत तो लेथवर होता, मी स्टोअर्समध्ये. एकतीस वर्षं स्पेअर पार्ट माझ्या हाताखालून गेले, त्यामुळे इंजिन मला कळतं. तक्रार: उशिरा स्टार्ट होते, जोर कमी, धूर जास्त. बिडकीनला त्याच्या बहिणीच्या, आवडाबाईच्या बागेतली मोसंबीची वाळलेली झाडं पंधरा तारखेपासून काढायची आहेत. पावसाआधी नवे खड्डे व्हायला हवेत. मेकॅनिककडे का नेली नाहीस विचारलं, तर म्हणाला, तुमी हायेत की. माणसांची पारख आहे त्याला. फेब्रुवारीत रिटायर झाल्यापासून अशाच कामाची वाट बघत होतो.
संकल्प: आधी निदान, मग पाना. रोज दोन तास.

५ मे
ऊन फार. निदान खुर्चीत बसून केलं.

७ मे. दुपारी १२
प्लग काढला. काळा. पॉलिश पेपरने घासला. स्टार्ट नाही. मग स्कूटर आडवी करायचो तशी मशीन आडवी केली, पेट्रोल खाली उतरावं म्हणून. चेनचं ऑइल फरशीवर उतरलं. बावीस वेळा दोरी ओढली. खांदा गेला. जरा पडतो.

सायं. ५
तिसऱ्या ओढीला स्टार्ट! पद्मजा म्हणाली, तुम्ही झोपला होता तेव्हा एअर फिल्टरमधला भुसा काढला, साबणाच्या पाण्यात धुतला, उन्हात वाळवून परत बसवला. ओट्यावरच्या चिमणीची जाळी ती अशीच धुते म्हणे. बायकोला तेवढंच समाधान. काम प्लगने केलं.

९ मे
धूर आहेच. शेजारच्या नानासाहेबांनी खिडकी लावून घेतली, जरा जोरातच. विचार केला. रामकिसनने सोबत दिलेल्या कॅनमध्ये पेट्रोलात ऑइल मिसळलेलं आहे. आपल्या कारच्या पेट्रोलमध्ये ऑइल नाही आणि धूरही नाही. मूळ सापडलं. स्कूटरला ऑइल लागायचं खरं, पण ते जुनं तंत्रज्ञान. कॅन जिन्याखाली ठेवून दिला. उद्या पंपावरून साधं पेट्रोल आणायचं.

१० मे
पंपावर गेलो नाही. खांदा.

११ मे, रविवार. सकाळी ९
साधं पेट्रोल भरलं. धूर शून्य. आवाज असा की अंगावर काटा आला. आवारात पडलेल्या शेवग्याचे दोन तुकडे केले. पद्मजाला बघायला बोलावलं. ती लांबूनच बघत होती. लगेच रामकिसनला फोन केला, मशीन नवी झाली, बुधवारी घेऊन जा. तो म्हणाला, लई घाई नाय साहेब, राहू द्या चार दिवस तुमच्याकडं. भिडस्त माणूस.

९.१५
तिसरा तुकडा करताना आपोआप बंद पडली. उन्हाने असेल. माणसाचंही होतं.

सायं. ६
दोरी ओढली जात नाही. दोरी अडकली वाटतं.

१२ मे
दोरी ठीक आहे. सायलेन्सर काढून आत बॅटरी मारली. पिस्टनवर उभे ओरखडे, मांजराने सोफ्यावर काढावेत तसे. कारखान्यातूनच तशा रेषा दिल्या असतील. खात्रीसाठी एका दुकानात फोन करून पिस्टन मिळेल का विचारलं. त्याने विचारलं, बिनऑइलची चालवली का? फोन कट झाला. मीच केला.

१३ मे
काही केलं नाही. इंजिन एकदा पूर्ण गार झालं की आपोआप सुटतं, असं कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं. पंख्याखाली ठेवलंय.

१४ मे, बुधवार. सायं. ७
रामकिसन येऊन गेला. दोरीला हात लावला, मग सायलेन्सरच्या भोकातून आत बघितलं. पिस्टनसोबत सिलिंडरही गेलंय म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.
मी पेट्रोलमधल्या भेसळीबद्दल सांगत होतो. त्याने मध्येच थांबवलं. म्हणाला, मशीनला लई काय झालंच नव्हतं साहेब. वैनींचा फोन आलता. साहेब दिवसभर खुर्चीतून उठत नाहीत, जेवणात ध्यान नाय, कायतरी काम द्या त्यांच्या हाताला म्हणाल्या. म्हून दिली व्हती.
पद्मजा स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. भांडी घासून झाली होती तरी नळ चालू होता.
उद्यापासून तो आवडाबाईच्या बागेत कुऱ्हाड चालवणार आहे. साठ झाडं आहेत. त्याचंही वय माझ्याइतकंच.
मला फार लाज वाटली. इतकी की खरं सांगून टाकलं, ऑइल मीच बंद केलं. तो म्हणाला, व्हय, ते कळलं मला. मग मी म्हणालो, उद्या मी पण येतो बिडकीनला, निदान फांद्या तरी ओढीन. हे खरंच मनापासून म्हणालो होतो.
त्याने चहाचा कप खाली ठेवला. म्हणाला, नाय साहेब. तुमी घरीच बसा.