रॉकेटच्या पोटातला अंगठा

३ फेब्रु., पेण
शाडू आज लोण्यासारखा मळला गेला. सकाळपासून शाळेतली चांदोबाची कविता ओठांवर. तिसऱ्या कडव्याला अडलो. वय!

संध्याकाळी नात निमा रोह्याच्या कंपनीतून आली ती उड्या मारतच. रॉकेटच्या नळकांड्याला आतून रबराचं अस्तर लावायचं काम तिच्याकडे आलं. आत जाळ, बाहेर पत्रा, मधे आमची निमा! जाळ संपला की नळकांडं समुद्रात. वरचा भाग उपग्रह घेऊन पुढे.

"परत नाय आणत?"

"नाय आबा. एकदाच उडायचं. आपला गणपती परत येतो काय?"

"येतो की, पुढच्या वर्षी."

"तो नवा येतो!"

हरलो. अशी हार रोज व्हावी.

१९ फेब्रु.
निमा जेवली नाही. खोदून विचारलं तेव्हा बोलली.

आमच्या गणपतीच्या कारखान्याची रीत, आज्यापासूनची: मूर्ती ओली असताना बैठकीखाली अंगठा दाबायचा. आपली खूण. निमा पाच वर्षांची असल्यापासून दाबते. काल अस्तर चिकटवताना हातमोजा काढला आणि रबरावर... सवयीनं! बोटाचं तेल राहिलं तर तिथलं अस्तर सुटतं, जाळ पत्र्याला भिडतो. आता खूण आत गेली. कोणाला दिसणार नाही.

आमची ही मलाच बोलली, "मूर्तीला अंगठा, रॉकेटला अंगठा! माझ्या भाकरीला तेवढा नाय लावलात." मी हसलो. निमा नाही.

"सांगितलं तर काम जाईल, आबा."

ताट तिच्यापुढं सरकवलं. म्हटलं, "मूर्तीला तडा गेला तर आपण रंगाखाली झाकतो काय गो?"

२० फेब्रु.
सांगितलं तिनं!! तिच्या साहेबांनी तपासणीची वही काढून नोंद केली. मग तेवढं अस्तर खरवडून नवं लावायला सांगितलं. निमालाच. स्वतः शेजारी उभे. "खूण करायची हौस असेल तर वहीत सही कर," म्हणाले.

काम गेलं नाही. हिनं घावणे केले. सात खाल्ले. (हिच्या हिशेबी नऊ.)

१४ नोव्हें.
सकाळी टीव्हीसमोर तिघं. शेपटीला जाळ घेऊन निमाचं रॉकेट उठलं. निमानं माझं मनगट धरलेलं, अजून दुखतंय. मग खालचं नळकांडं सुटलं.

"टिकलं! आबा, टिकलं माझं अस्तर!"

हिनं पडद्याला हात जोडले, "पुढच्या वर्षी लवकर या." समुद्रात पडणाऱ्या नळकांड्याला! आम्ही हसून हसून बेजार.

उपग्रह जागेवर पोचला का ते कळायच्या आत लाइट गेली. निमानं साहेबांना फोन लावला. "थांब, कळलं की मीच करतो," म्हणाले.

वाट बघत ती कारखान्यात येऊन बसली. माघीची मूर्ती ओली होती.

"इथं चालतो ना?" म्हणत उघडा अंगठा दाबला. मोठा उमटला. माझ्याहून मोठा.

हात धुऊन हे लिहितोय. तिसऱ्या कडव्याची पहिली ओळ आत्ता आठव... फोन वाजला. निमाचे हात शाडूनं भरलेले, ही उचलायला धावली आहे